धनजला रागवायला, तांड्यावर कौतुकाला

डिसेंबरात वाशिम जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "तिकडे काय असतं बघायला?" मी सांगते, दोन मुलं. मग त्या विषय बदलतात. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी पुण्यातल्या एका इस्पितळात जन्मतः बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचं काम जवळजवळ तीस वर्षं केलं. आता निवृत्त आहे. या मुलांच्या कानात ऑपरेशन करून एक यंत्र बसवतात. बाहेरचं मशीन कानावर अडकवायचं, त्याची एक चकती चुंबकानं डोक्याला चिकटते आणि मूल ऐकू लागतं. लोकांना वाटतं, झालं, आता बोलेल. तसं नसतं. ऐकू आलेल्या आवाजांची भाषा व्हायला घरात अखंड बोलणं लागतं, आणि तेही मूल लहान आहे तोवर. सात-आठ वर्षांचं झालं की ते दार हळूहळू जड होत जातं. घरच्यांनी काय करायचं यासाठी मी एक कागद तयार केला होता, 'घरी पाळायच्या बारा गोष्टी'. त्या कागदाचा मला फार अभिमान होता. चौथी गोष्ट अशी होती: मुलासमोर एकच भाषा बोला, शुद्ध मराठी.

चार वर्षांपूर्वी एकाच महिन्यात दोन मुलांची ऑपरेशनं झाली. दोघंही तीन वर्षांची. धनजचा वेदांत आणि मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरची अंजू. दोन्ही घरची माणसं सहा महिने पुण्यात राहून माझ्याकडे येत होती. वेदांतच्या घरच्यांनी माझी एक सूचना पाळली असेल तर शपथ. त्याचे आजोबा वऱ्हाडीत बोलायचे, मोठमोठ्यानं, एका वेळी दहा विषयांवर. उलट अंजूची आई शांता वही घेऊन बसायची, मी खोकले तरी लिहून घ्यायची. पुढे निवृत्त होईपर्यंत नव्या पालकांना मी शांताचं उदाहरण दिलं.

तेव्हा माझा कार्यक्रम सोपा होता. आधी धनजला जाऊन रागवायचं, मग तांड्यावर जाऊन कौतुक करायचं.

धनज

कारंज्याला बसमधून उतरले तर नामदेवराव, म्हणजे वेदांतचे आजोबा, मोटरसायकल घेऊन हजर. सत्तरी ओलांडलेले, आणि पुढे टाकीवर सात वर्षांचा वेदांत. आमंत्रण त्यांचंच होतं. "घट्ट बसा म्याडम," ते म्हणाले, "रस्ता आमचा नाई, सरकारचा हाये." गाडी चालवताना ते अर्धा वेळ मागे वळून माझ्याशी बोलत होते. मी अर्धा वेळ डोळे मिटून घेतले होते.

वेदांतनं वळून मला नीट न्याहाळलं. "तुमी थ्याच का चित्रावाल्या म्याडम?"

ऑपरेशनच्या वेळी नामदेवरावांनी मारुतीला नवस बोलला होता, की पोट्ट्यानं तोंड उघडलं तर शेतात रोडगे करून गावाला जेवू घालीन. पोट्टं दोन वर्षांपूर्वीच बोललं, नवसही तेव्हाच फिटला. तरी ते दरवर्षी रोडगे करतात. का, असं विचारलं तर म्हणाले, "थो अजून बोलूनच राह्यला ना बाप्पा."

रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. राख झटकायची, फोडायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. तुरीच्या शेतात बांधाला पंगत बसली होती. पुण्यात आम्ही पाहुण्याला "अजून घ्या" एकदाच म्हणतो, दुसऱ्यांदा म्हटलं तर खरंच घेईल अशी धास्ती असते. इथे नाही म्हणायला तोंड उघडलं तर त्यातच तूप पडेल अशी परिस्थिती होती. तिसऱ्या रोडग्यानंतर मी रागवण्याच्या अवस्थेत राहिले नाही.

तरी सवय जाते कुठे. वेदांतला वरण वाढायला गेले तर तो म्हणाला, "मले नाई पायजे."

"मला नको, असं म्हण."

"कायले? आजोबा त असंच म्हनते."

मी वाढपाचा डाव हातात धरून तशीच उभी राहिले. या मुलानं मला कारण विचारलं होतं आणि वर पुरावाही दिला होता. असं एक वाक्य मुलाच्या तोंडून यावं म्हणून मी माझ्या खोलीत दोन-दोन वर्षं घालवलेली आहेत.

माझ्या पर्समध्ये चांदण्यांच्या टिकल्या होत्या, जुन्या सवयीच्या. मुलानं बरोबर केलं की हाताच्या पाठीवर एक चांदणी चिकटवायची, ही माझी रीत. मुलं आपणहून हात पुढे करत. वेदांतला एक चांदणी दिली. त्यानं ती सोलून काढली आणि बैलाच्या कपाळावर लावून आला. "थो बी आयकते ना," म्हणाला.

"माझा कागद कुठे आहे?" मी नामदेवरावांना विचारलं.

"व्हता ना. सुनेनं डब्ब्याखाली अंथरला. आता बारा गोष्टी ध्यानात ठेवू का पोट्ट्यासंगं बोलू?" ते हसले. "म्याडम, तुमच्यावानी बोलाले गेलो असतो त माहा बैल बी वळला नसता."

चार वर्षं त्यांनी दुसरं काहीच केलं नव्हतं. पोराला खांद्यावर घेऊन शेतात जायचं आणि बोलत राहायचं. बैलाशी, पाण्याच्या मोटरशी, ती चालत नसली की सरकारशी, आणि पोराशी. मी हरले होते आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते.

निघताना त्यांनी विचारलं, "थे तांड्यावरची पोरगी व्हती ना तुमच्याकडे? आमच्या पोट्ट्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसे. कशी हाये थे?"

"उत्तम असणार," मी म्हटलं. "तिच्या घरचे सगळं पाळतात."

मंगरूळपीर

मानोऱ्याची थेट गाडी चुकली म्हणून मंगरूळपीरवरून जावं लागलं. स्टँडवर चहा घ्यायला उतरले, दर्ग्याला निघालेल्या एका म्हातारीशी गप्पा मारत राहिले, आणि गाडी माझी पिशवी घेऊन पुढे निघून गेली. कपड्यांची नव्हे, कामाची पिशवी. चित्रांचे पत्ते, छोटा डफ आणि त्या बारा गोष्टींच्या कागदाचा एक गठ्ठा. मी खूप आरडाओरडा केला. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कायले घाबरता बाई? गाडी हाये, कुठं जाते? यीन परत."

आलीही. दुसऱ्या दिवशी परतताना पिशवी जशीच्या तशी हातात मिळाली. डफ आणि पत्ते घेऊन मी पुण्याला आले. कागदांचा गठ्ठा स्टँडवरच्या भज्यांच्या गाडीवाल्याला दिला.

पण ते नंतर. त्या दिवशी मी मोकळ्या हातांनी मानोऱ्याला पोचले.

तांडा

मानोऱ्याला मला न्यायला रेखा आली होती. अंजूची शेजारीण, अंगणवाडीत मदतनीस. रिक्षातून जाताना दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडत आलेली आणि हरभरा नुकता हिरवा. तांडा टेकाडाच्या पोटाशी आहे. अर्ध्या घरांना कुलपं होती. दिवाळी झाली की धडधाकट माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जातात, ती उन्हाळ्यातच येतात. अंजूचे आईवडीलही गेले होते. पहिली दोन वर्षं शांता पोरीसाठी मागे राहिली, पण एकट्या नवऱ्याला कोणी कामावर घेत नाही, तिथे जोडपंच लागतं. तेव्हा गेल्या वर्षापासून तीही जाते आणि अंजू आजीजवळ असते.

तांड्याची बंजारा माणसं घरात आपली गोरमाटी बोली बोलतात. मराठी शाळेतली, बाजारातली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्याला शांता सुरुवातीला अंजूच्या कानाशी गोरमाटीत काहीतरी पुटपुटायची, तेव्हा मीच तिला थांबवलं होतं. अंजूच्या देखत, आईच्याच ओठांवर बोट ठेवून.

आम्ही आत शिरलो तेव्हा नळावर दोन बायकांचं जोरात चाललं होतं, भांडण की थट्टा ते कळत नव्हतं. एक म्हातारा हाका मारत होता, कुठेतरी कोणी खदखदून हसत होतं. कोपऱ्यावरच्या घराशी पोचलो आणि सगळं थांबलं. नळावरच्या बायका गप्प. म्हातारा गप्प. मला वाटलं, पाहुणी आली म्हणून मान देत आहेत. मी हात जोडले.

"तुमच्यासाठी नाई म्याडम," रेखा हळूच म्हणाली. "अंजू भायेर आली ना."

दारात अंजू उभी होती.

"तिच्यासमोर आमची बोली बोलाची नाई, असं शांतानं साऱ्या तांड्याले सांगतलं. घरोघरी जाऊन सांगतलं. मंग ज्याले मराठी येते थो मराठीत बोलते. नाई येत थो गप बसते."

"आणि आजीला येतं मराठी?"

"बाजारापुरतं."

अंजूची आजी झमकीबाई दाराआडून पुढे झाली. आरशांची काचळी म्हणजे चोळी, घागरा आणि कोपरापर्यंत बांगड्या. तिनं मला नमस्कार केला, तोंडातून शब्द न काढता, आणि बसायला पोतं अंथरलं. समोरच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी माझा कागद होता. प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला, वरच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं.

मशीन मी आधी तपासलं. इतकं नीट राखलेलं मशीन मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलेलं नाही. बॅटरी भरलेली, वायर साफ, रात्री ठेवायला आरसे लावून शिवलेली पिशवी. अंजूनं मला लगेच ओळखलं आणि समोर ताठ बसली, माझ्या खोलीत बसायची तशी. पत्ते नव्हते म्हणून मी दिसेल ते दाखवू लागले. झाड. घर. भांडं. शेळी. सगळं बरोबर, स्वच्छ, अगदी माझ्या उच्चारात. रेखा हसली, "शेळी म्हनते! आमच्याकडे बकरीले कोनी शेळी म्हनत नाई."

"अंजू, आई कुठे गेली?"

"आई."

"हो. आई कुठे आहे?"

"आई. बस."

"का गेली आई?"

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. पुढचं चित्र कधी येतं याची वाट बघत. मी आणखी चारपाच प्रश्न विचारले, सोपे करत करत. शब्द होते, शंभर-दीडशे असतील. दोन शब्द जोडून तिला काही मागता येत नव्हतं, नको म्हणता येत नव्हतं, भांडता येत नव्हतं. भूक लागली की ती "पोळी" म्हणते आणि आजी तिला भाकरी देते, जिला त्या घरात बाटी म्हणतात.

"थे कदी काई इचारत नाई," रेखा म्हणाली.

मला वेदांतचं "कायले?" आठवलं आणि मी पाण्याचा तांब्या मागितला.

मग हळूहळू सगळं कळलं, थोडं रेखाकडून, थोडं झमकीबाईच्या तुटक मराठीतून. अंजू शाळेतून आली की आजी तिला मोबाईलवर मराठी कार्टून लावून देते आणि स्वतः कामाला लागते. त्या घरात सहा-सहा महिने दोघीच असतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही. झमकीबाईला लग्नांत गाणी म्हणायला लांबलांबच्या तांड्यांवरून बोलावणं यायचं. घरात पोरगी ऐकेल म्हणून तिनं गाणं सोडलं. मी समोर बसले होते तेवढ्या वेळात आजी चुलीशी हलली की बांगड्या वाजत आणि दर वेळी अंजू मान वळवून तिकडे बघे. चार वर्षांत आजीचा तेवढाच आवाज तिला ऐकायला मिळाला होता.

"मी लै बोलत व्हती," झमकीबाई म्हणाली. तक्रार नव्हती ती. "आता सवय गेली. पोरगी बोलली पायजे. माहं काय."

तिनं उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि गुळाचा कोरा चहा पुढे ठेवला. तेवढ्यात रेखानं शांताला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि शांता आनंदानं ओरडत होती, "म्याडम! तुमी आमच्या घरी? पाह्यलं ना? सारं तुमी सांगतलं तसंच करतो जी. सासूले बी बोलू देत नाई. अंजूनं शब्द सांगतले का?"

"सांगितले," मी म्हटलं. "छान सांगितले."

त्या एका 'छान'ची मला फार लाज वाटते. पण खरी लाज त्याच्याही मागची आहे आणि ती इथे सांगितलीच पाहिजे. मी नोकरीत असतानाच आमच्या कामातला विचार बदलला होता. आईला जी बोली पोटातून येते तीच मुलाशी बोलावी, मूल त्या बोलीवर उभं राहतं आणि मग दुसरी भाषा शिकतं, हे मला पटलंही होतं. नव्या पालकांना मी तसं सांगू लागले. कागदावरची चौथी ओळ पेनानं खोडून द्यायचे. जुन्यांना फोन करायचं राहून गेलं. मुद्दाम नाही, पण राहून गेलं. नंबर माझ्या वहीत होते. आणि शांताचं तर काय, ती सगळं पाळणारी, तिची काळजीच नव्हती.

फोन ठेवल्यावर मी रेखाला म्हटलं, "आजींना सांग. त्यांनी त्यांच्या बोलीत बोलायचं. आजपासून. खूप बोलायचं, गाणी म्हणायची."

रेखानं सांगितलं. झमकीबाईनं भिंतीकडे बोट केलं. "कागदावर व्हतं ना?"

"होतं. ते चूक होतं."

"कोनं लिवलं?"

"मी."

शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तिनं शेंगांची थाळी माझ्याकडे सरकवली. "खा," म्हणाली. "थंड व्हते."

पुण्याला आल्यावर मी शांताला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मंग इतकी वर्सं मी तिच्यासंगं मोजून मोजून बोलली थे?" आता ती रोज दुपारी उसाच्या फडातून अंजूशी गोरमाटीत बोलते. नळावरच्या बायकांचं भांडण आता अंजू आली तरी चालू राहतं, असं रेखा कळवते. उन्हाळ्यात मी पुन्हा जाणार आहे, महिनाभर. सात वर्षांच्या मुलीत किती सुधारणा होईल असं कोणी विचारलं तर मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचे. आता सांगत नाही.

तांड्यावरून निघायच्या आधी त्या दुपारी मी झमकीबाईला म्हटलं होतं, माझ्यासमोर एकदा बोला, तिला हाक मारा. तिला जमेना. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली. रेखानं आग्रह केला. शेवटी तिनं घसा साफ केला आणि अगदी हळू, लाजत म्हणाली, "अंजू. आव. याडी कन आव." आईजवळ ये, म्हणजे तिच्याच जवळ.

अंजूनं ऐकलं. झटकन मान वळवली, उठली, आजीजवळ गेली आणि गुडघ्यांवर बसली. मला हायसं वाटलं. मग तिनं आपलं बोट उचललं आणि आजीच्या ओठांवर ठेवलं, अगदी हलकेच. माझ्याकडे बघून ती हसली. आणि दुसरा हात पुढे करून, चांदणीसाठी, त्याची पाठ माझ्यासमोर धरली.

मी उठून ते बोट आजीच्या ओठांवरून बाजूला केलं.

तिनं ते परत ठेवलं.